भिंतीतली टाकी

आमच्या संडासाच्या भिंतीवर दोन बटणांची चकचकीत पाटी होती. एक बटण लहान, एक मोठं. टाकी दिसायची नाही, ती भिंतीच्या पोटात बसवलेली होती आणि वरून पांढऱ्या फरश्या मारलेल्या होत्या. घर बांधताना माझ्या नवऱ्याने तसला फ्लश पुण्यात कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये पाहिला आणि त्याला तोच हवा झाला. आमच्या निमोणे गावातल्या बोअरचं पाणी कसं आहे याचा विचार कुणी केला नाही. चहाच्या पातेल्याला महिन्याभरात पांढरा थर धरणारं पाणी ते. वर्षाच्या आत भिंतीतल्या यंत्राला क्षार धरला आणि बटण दाबलं की नुसतं आत जाऊन बसायला लागलं.

मग आम्हीच एक युक्ती शोधली. डाव्या अंगठ्याने लहान बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून उजव्या अंगठ्याने मोठ्यावर जोर द्यायचा, खट् आवाज येईपर्यंत. बटणं इतकी खोलगट की तळव्याने काही व्हायचं नाही. दोन अंगठे पाहिजेतच. मला जमायचं, नवऱ्याला जमायचं, सहावीतल्या लेकीला तर माझ्यापेक्षा लवकर जमलं.

आमच्या घरात चौथं माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. त्यांचा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट फार पूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो हात पाहतेय, त्या हाताने त्यांना झेंडू खुडताना पाहिलंय, भाकरी मोडताना पाहिलंय. तरी त्या पाटीसमोर उभी असताना तो हात एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. याचं मला आजही नवल वाटतं आणि लाजही वाटते.

शिरूरहून प्लंबर आला होता. पाटी काढून बॅटरीच्या उजेडात आत डोकावला आणि म्हणाला, "ताई, भिंत फोडावी लागंल. फरशी परत तशीच मिळंल, आसं मी सांगत न्हाई." नवरा म्हणाला, बघू पुढच्या महिन्यात. मीही काही बोलले नाही. त्या फरश्या मी स्वतः निवडल्या होत्या. संडासात नळ नव्हता, फक्त धुवायची पिचकारी. पहिल्यांदा ठेवलेली बादलीही मीच उचलली होती, ओल येते म्हणून. अंगणातला जुना संडास तर गाडी लावायला जागा पाहिजे म्हणून कधीच पाडून टाकला होता.

एका रविवारी सकाळी मी आत गेले आणि कुणीतरी तसंच ठेवून गेलं होतं. कुणी ते मला लगेच कळलं. सून सासऱ्याला असलं काही तोंडावर बोलत नाही, आमच्याकडे ते चालतच नाही. असं काही असलं की पोराबाळांना रागवायचं आणि आवाज ओसरीपर्यंत जाईल एवढा लावायचा. सगळ्या घरांत असंच चालतं. मीही तेच केलं. लेकीला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाले, "एवढी घोडी झालीस, पाणी सोडायचं कळत नाही? दुसऱ्यानं किती दिवस निस्तरायचं?"

ती म्हणाली, "मी न्हवते गेले."

"गप बस," मी म्हणाले. ओसरीवर मामांच्या कॉटची करकर झाली आणि थांबली. झाला निरोप पोचता, असं मला वाटलं. बरं वाटलं, हेही खरं सांगते.

त्या दिवसापासून संडास स्वच्छ राहायला लागला. मी कंपनीच्या बसने सात वाजता जाते, संध्याकाळी येते. निघताना मामांच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची माझी रीत आहे. संध्याकाळी आले की तो तसाच भरलेला. पहिल्यांदा वाटलं, दुपारी पुन्हा भरला असेल. मग सकाळी पाण्यावर पडलेला झेंडूच्या पाकळीचा तुकडा संध्याकाळी तिथंच दिसला. मामा चहाही अर्धा टाकायला लागले. ओठ सुकून पांढरे दिसायचे. मी नवऱ्याला म्हणाले, "माझ्यावरचा राग आहे हा. माझ्या हातचं पाणी नको झालंय त्यांना." मग मीही ताठले. तांब्या भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. एप्रिल लागला, ओसरीवरचा पत्रा दुपारी तापून कडकड वाजायचा आणि तांब्या भरलेलाच.  तरी मी विचारलं नाही.

एका दुपारी कंपनीत नवऱ्याचा फोन आला. मामा मळ्याच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला पडलेले सापडले होते. गुडघे धरलेला माणूस, भर उन्हात तिकडे कशाला गेला होता ते कुणाला कळेना. शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात हे?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, किडनीला धक्का बसलाय, यावेळी निभावलं, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही.

बाहेर बाकड्यावर लेक बसली होती. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "आधी आज्जा मला हाक मारायचे. मी जाऊन बटण दाबून यायची. तू मला बोललीस ना, तवापास्नं हाक मारली न्हाई. म्हणाले, माझ्यापायी तुला बोलणी नकोत. पाणीच पीत न्हाई, म्हंजी जायाला लागत न्हाई. अगदीच झालं तर वढ्याला जातो. आईला सांगू नको म्हणाले."

मी तिच्याजवळ बसले. 

मामा घरी यायच्या आत मी भिंत फोडून घेतली. निवडलेल्या फरश्या पोत्यात भरून बाहेर गेल्या. आता तिथे साधी प्लॅस्टिकची टाकी टांगलेली आहे, बाजूला दांडा असलेली. कोपराने ढकलला तरी पाणी सुटतं. नळ आहे, बादली आहे. भिंतीवर सिमेंटचा काळा चौकोन तसाच राहू दिलाय.

तरी मी घरात असले की मामा आत जात नाहीत. आठवडाभर मी कंपनीत असते, तांब्या रिकामा होतो. रविवारी नाही. हे ध्यानात आल्यावर रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर पडायला लागले. घ्यायचं काही नसतं. दुकानापर्यंत जाते, शाळेच्या कट्ट्यावर तासभर बसते, परत येते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आपण किती बेमालूम करतो, असं मला वाटत होतं.

गेल्या रविवारी मला ताप होता. मी पांघरूण घेऊन आत पडून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. उठून ओसरीवर आले तर तांब्या काठोकाठ भरलेला, मामा कॉटवर भिंतीला टेकून बसलेले, ओठ पुन्हा तसेच पांढरे.

"मामा, पाणी प्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन बोटं नसलेला हात तांब्यावर ठेवून हळूच विचारलं, "आज बाजाराला न्हाई का जायचं, सूनबाई?"

मी पिशवी घेतली आणि चपला घातल्या.