टोपल्याखालचं कलांचो

ताई गेली, आणि तिच्यामागे तिचं झाड आम्हीच मारलं.

घरातल्या सगळ्यांनी मिळून. जीव लावून.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. आज तिला जाऊन वर्ष झालं. स्टेटसला तिचा फोटो टाकायला घेतला, टाकवला नाही. म्हणून हे लिहितेय.

लग्न होऊन रिसोडला आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायची. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "तुमी-आमी मामाजीसंग कर. मले तू म्हण. नाई तं भांडायले मजा येत नाई."

मग आम्ही पोटभर भांडलो. सासरी मला कधी एकटं वाटलं नाही ते फक्त तिच्यामुळे.

आमचं घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मामाजींचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, एकच नियम. कोमेजलं की पाणी द्या. नाही कोमेजलं तरी द्या.

अशा घरात ताईने एक कलांचो आणलं. जाड जाड पानं, लाल फुलांचे बारके गुच्छ.

मामाजी म्हणाले, "हे कायले आनलं वं? खाता येत नाई, इकता येत नाई."

"मलेबी कुटं इकता येते मामाजी? तरी आनलं ना तुमी!"

मामाजी जेवण होईपर्यंत हसत होते.

त्या एवढ्याशा कुंडीचे लाड काय सांगू!

उन्हाळ्यात कडुनिंबाच्या सावलीत. पावसाळ्यात टिनाखाली. "पानातच पानी हाये त्याच्या. वरून पाजसान तं सडन."

आणि दिवाळी सरली की रोज संध्याकाळी, अंगणातला बल्ब लावायच्या आत, कुंडीवर भाजीचं टोपलं उपडं.

"काहून वं ताई, कोंबडी हाये का ते?"

"त्याले अंधार लागते. पुरी रात झोपलं तरच फुलते. तूबी झोपत जाय, मोबाईलमंदी तोंड घालून बसते!"

संक्रांतीला ते फुलायचं. हळदीकुंकवाला बायका आल्या की ताई कुंडी मुद्दाम ओसरीच्या कठड्यावर ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "बसा वं, आली मी चाय मांडून."

आमच्याकडे म्हणतात, मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरलेलीच लागते.

ताई आत रेंगाळायची. बाहेर आली की झाडाचं टक्कल झालेलं.

"कोन मेलीनं चोरलं वं?"

शेजारच्या शोभाकाकूंचा हात हमखास पदराखाली. ताई आत येऊन तोंडावर पदर धरून हसायची.

मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि एका दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. गाडीत बसवताना मला म्हणाली, "संध्याकाळी टोपलं टाकजो."

वाशिमच्या दवाखान्यात पोचलोच नाही. रिठदच्या पुढे तिचा हात माझ्या हातात सैल पडला.

त्या संध्याकाळी तिला अंगणात ठेवलेलं असताना मी उठले आणि कुंडीवर टोपलं टाकलं. लोक बघत राहिले.

ताईला लेकरू नव्हतं. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

मामाजी सकाळी उठून तांब्याभर पाणी घालायचे. दादा, म्हणजे तिचा नवरा, आंघोळीनंतर घालायचे. मी दुपारी. कुणी कुणाला सांगितलं नाही. ती जन्मभर ओरडून सांगत होती, ते आम्ही सगळे विसरलो. आम्हाला माया करायची दुसरी रीतच माहीत नाही.

होळीपर्यंत खोड काळं पडलं. हात लावला तर बुडातूनच निघून आलं.

तिला नेताना दादा रडले नव्हते. ती कुंडी मांडीवर घेऊन ते रडले.

मामाजी आपले एकच म्हणत होते, "म्या तं पानीच देल्लं वं..."

मी उठून शोभाकाकूंकडे गेले. त्यांच्या ओसरीवर ताईचंच कलांचो होतं, चोरलेलं. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "बोलू नको! मागसान तं लागनार नाई."

मग डोळे पुसत म्हणाल्या, "बस. आली मी चाय मांडून."

आतून भांड्यांचा आवाज आलाच नाही. हुंदका आला. मी एक फांदी मोडली आणि पदराखाली घेऊन रडत रडत घरी आले.

ती लागली.

आता पाणी मीच घालते, माती पार कोरडी झाली की. मामाजी तांब्या घेऊन येतात, कुंडीजवळ उभे राहतात आणि तसेच परत जातात. दिवाळीपासून टोपलं दादा टाकतात. दुसऱ्या कुणाला टाकू देत नाहीत.

आज वर्षश्राद्ध होतं. कलांचो लालभडक फुललंय. जेवणं झाल्यावर बायका ओसरीवर बसल्या होत्या. मी कुंडी कठड्यावर ठेवली आणि म्हणाले, "बसा वं, आली मी चाय मांडून."

आत ओट्याला टेकून उभी राहिले. गॅस पेटवलाच नाही.

बाहेर आले तर झाडाचं टक्कल. "कोन मेलीनं चोरलं" म्हणायचं होतं. शोभाकाकूंनी मला जवळ घेतलं.

ताई, तुझं झाड चोरीला गेलं वं. साऱ्या गल्लीत लागेल आता.

श्रद्धांजली वगैरे मला तुला म्हणवत नाही.

दादांनी टोपलं टाकलंय. झोप.