सीताफळाच्या बिया

परवा गुलमंडीच्या बाजारातून सीताफळं आणली. खाता खाता ताटलीत काळ्याभोर बिया साठल्या आणि माझा हात थांबला.

खूप वर्षांपूर्वी मी हर्सूलच्या एका शाळेत नर्स होते. तिसरीतल्या सविताच्या डोक्यात उवा दिसल्या. सगळ्या वर्गासमोर मी तिला दाराशी बसवलं. म्हणाले, "डोकं साफ झाल्याशिवाय वर्गात यायचं नाही." तेव्हा मला ती शिस्त वाटली. उवांचं औषध माझ्याच कपाटात होतं, पण एका बाटलीसाठी रजिस्टर काढून नोंद करायचा कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी ती आईचा हात धरून आली. डोळे लालभडक, सुजून मिटलेले.

"सीताफळाच्या बिया वाटून लावल्या, सिस्टर," आई म्हणाली. "जराशा डोळ्यात गेल्या. पर शाळा नाय बुडवायची म्हणती."

मी घाईघाईनं डोळे धुवायला घेतले. गालांवरून पाणी ओघळत असतानाच सवितानं मान वाकवून केस माझ्यापुढं धरले.

"आता बघा ना, सिस्टर. एकबी नाय. बसू का वर्गात?"

डोळे आठवड्यानं बरे झाले. आई मुद्दाम शाळेत येऊन माझ्या पाया पडली. कपाटातल्या बाटल्यांबद्दल मी तेव्हाही बोलले नाही.