घोगरीची पट्टी

"मशीन पळतंय तुझं," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला. "ती बाई इतकं चिरकं गातच नाही."

"बाबा, हे बरोबर चालतंय. आपलंच आजवर रांगत होतं," लेक म्हणाली.

लेकीने मैत्रिणीकडून आणलेल्या नव्या रेकॉर्ड प्लेयरवर तीच जुनी तबकडी फिरत होती, पण आवाज भलताच. पातळ, चपळ, उंच. लेकीची आई, घोगरी, घरातल्या इस्त्री न केलेल्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसली. ती कामाला होती त्या हॉटेलच्या धोबीखान्यात तिच्या जाड आवाजावरून सगळे तिला घोगरीच म्हणत.

साठच्या दशकात ती फ्रॉकात होती, तेव्हा थोरल्या भावाने जुना प्लेयर आणि ही एक तबकडी आणली होती. प्लेयरचा पट्टा सैल होता आणि तबकडी हळू फिरायची, हे कुणाच्या गावी नव्हतं. गायिका स्वतःशीच बोलल्यासारखी सुरू करायची, आणि ओळ संपता संपता आवाज असा काही उघडायचा की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडावं. घोगरीने तो जाड, संथ आवाज गळ्यात मुरवून घेतला. लग्न झालं, लेक झाली, चादरी दाबता दाबता केस पिकले, गाणं तेच. परवा हॉटेलचा बँडमास्तर टेबलक्लॉथ न्यायला आला आणि तिचं गाणं ऐकून दारातच खिळला. त्यांची गाणारी मुलगी सोडून गेली होती. शनिवारी गाल का, म्हणाला, अगदी रेकॉर्डसारखं हवं. त्यात काय, असं ही छाती ठोकून सांगून मोकळी झाली होती.

आता तिने वरच्या पट्टीत तोंड उघडून पाहिलं. गळ्याने हात वर केले.

नवऱ्याचा जीव टांगणीला लागला. त्याने आपल्या कामावरच्या अख्ख्या बस डेपोला आमंत्रण दिलं होतं. लोकांना गाणं पाठ असतं, हसतील, उद्याच जाऊन नाही म्हणून ये, असा त्याने धोशा लावला. लेकीचं म्हणणं, चार दिवस घासलं तर आवाज चढेल. दोघांची जुंपली, आणि घोगरीला विचारायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

तिने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. डोळे मिटून ऐकलं. ओळीच्या शेवटी बाईचा श्वास किंचित अडकला आणि मग आवाज उघडला. अडकण्याची जागा तीच, तिच्या गळ्यात मुरलेली. हुंदका आणि हसू एकाच घोटात, तेही तेच. फक्त पट्टी आणि लय वेगळी, घोगरीला कळलं. तिने सुई उचलली आणि आपल्या पट्टीत, आपल्या लयीत गाऊ लागली. भांडण अर्ध्या वाक्यात थांबलं. नवऱ्याचा चहा हातातच निवला. गाणं संपल्यावर लेक म्हणाली, "आई, आणखी एकदा म्हण."

"शनिवारी," घोगरी म्हणाली. "असंच गाणार आहे, खाली आणि सावकाश. बँडमास्तरला मी सकाळी सांगते, त्याने वाजवत माझ्या मागून यायचं. आणि शनिवारचा स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा."