चंद्रावरचा पैलवान

"चेहरे किती?" मी विचारलं.

"एकच," अण्णाप्पा म्हणाले.

"बाई?"

"न्हाय."

"व्हिलन?"

"त्योबी न्हाय. एकच माणूस चंद्रावर जातोय, दगडं गोळा करतोय आन् माघारी येतोय. मास्तरांनी एवढंच सांगितलंय."

सिनेमाच्या बॅनरवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा चेहरेच मोजतो. त्या वेळी मी कोल्हापुरात स्टुडिओसाठी पौराणिक बोलपटांचे बॅनर रंगवायचो. आम्हाला गोष्ट कुणी वाचायला देत नसे. मॅनेजर तोंडी दोन वाक्यं सांगायचा आणि मी ब्रश उचलायचो. माझं कधी चुकायचं नाही. याचं श्रेय मी माझ्या प्रतिभेला देत होतो. खरं म्हणजे रामायण-महाभारत मला आधीच ठाऊक होतं.

अण्णाप्पांचा पापाच्या तिकटीजवळ छापखाना होता. ते डिटेक्टिव्ह कादंबऱ्या काढायचे. यंदा त्यांनी सबनीस मास्तरांची कादंबरी घेतली होती. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवायचे. शाळा सुटल्यावर बरीच वर्षं ते ही चंद्राची गोष्ट लिहीत होते आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून ती साभार परत आली होती. दुसरी कादंबरीही डोक्यात तयार होती.

"ह्यो माल उठला तर मास्तरांचं म्होरलंबी छापतो," अण्णाप्पा म्हणाले. "न्हायतर आपलं खून आन् दरोडं बरं. तवा कव्हर असं पायजे, की एसटी स्टँडवर चालता गडी थांबला पायजे."

म्हणजे मास्तरांचं लेखक होणं न होणं माझ्या हातात होतं. मी "काळजीच सोडा" म्हणून निघालो. हस्तलिखित टेबलावरच होतं. ते मागावं असं मला सुचलंही नाही.

रॉकेट मी पाहिलं नव्हतं. दिवाळीतला बाण आणि साखर कारखान्याची चिमणी यांच्या अंदाजानं एक उभं केलं. राहिला माणूस. एकट्या माणसानं अख्खं कव्हर भरायचं तर तो दणकट हवा. आमच्या धंद्यात त्याचं उत्तर ठरलेलं होतं. भीम असो, मारुती असो, जरासंध असो, आमच्या गल्लीतल्या तालमीतला हिंदुराव पैलवान मॉडेल म्हणून उभा राहायचा. तो आखाड्यातून तसाच लंगोटावर आला, शड्डू ठोकला आणि म्हणाला, "पेंटर, यंदा कोण हाय मी?"

"शास्त्रज्ञ."

"म्हंजी कुणाला मारतोय त्यो?"

मी म्हणालो, "कुणाला नाही. तू फक्त उभा राहा." चित्र झकास झालं. मागं काळंभोर आकाश, पायाखाली पिवळी जमीन, मध्ये तांबूस अंगाचा शड्डू ठोकणारा गडी. अण्णाप्पा खूश झाले आणि चित्र ब्लॉक करायला गेलं.

ब्लॉक म्हणजे छपाईचा जस्ताचा ठसा. प्रत्येक रंगाचा वेगळा. आमचे तीन होते, काळा, पिवळा आणि तांबडा. ब्लॉकवरचा नको तो भाग कोरून काढता येतो. ती जागा मग कागदासारखी कोरी छापली जाते. नवीन काही भरायचं मात्र जमत नाही, त्यासाठी नवा ब्लॉक करावा लागतो. अण्णाप्पा ते कधीच करणार नव्हते.

पहिलं प्रूफ निघालं तेव्हा मास्तरांना बोलावलं. टोपी, बंद गळ्याचा कोट, छत्री. त्यांनी चष्मा पुसला, प्रूफ पाहिलं, परत चष्मा पुसला.

"हे कोण?"

"तुमचे शास्त्रज्ञ," मी म्हणालो.

"माझे प्रोफेसर साठीचे आहेत. त्यांना दमा आहे. यांच्या अंगावर कपडे का नाहीत?"

"मॉडेलच्या अंगावर नव्हते."

"अहो, चंद्रावर हवा नाही."

"मग तर वारं लागायचीही भीती नाही," मी म्हणालो. विनोद झालाय असं मला वाटत होतं.

मास्तर हसले नाहीत. प्रूफ दोन्ही हातांनी टेबलावर सरळ करत ते म्हणाले, "निदान हवेचा टोप तरी घाला. मुलांना मी वर्गात काय तोंड दाखवू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचं त्यांचं काम, आणि मी ते न वाचता त्याला लंगोट नेसवला होता.

मी कोरणी घेऊन बसलो. तिन्ही ब्लॉकवर डोक्याभोवती गोल रेघ कोरली, की पांढरं वर्तुळ छापलं जाईल आणि काचेचा टोप वाटेल. वर्तुळ छापलं गेलं. टोप काही वाटला नाही, प्रभावळ वाटली. नृसिंहवाडीच्या एका दुकानदारानं पुस्तक सरळ पोथ्यांमध्ये मांडलं.

आणि पुस्तक उठलं. एसटी स्टँडवर चालते गडी खरंच थांबले. तालमीतालमीतून मागणी आली. अण्णाप्पा मला चहा पाजायला लागले. मास्तर मात्र छापखान्याच्या रस्त्यानं जायचे बंद झाले.

मग एके दिवशी हिंदुराव चार पैलवान घेऊन माझ्याकडं आला. "पेंटर, चला मास्तरांकडं. पुस्तक वाचून घेतलं. कुस्ती कुठंच न्हाय."

मास्तरांच्या ओसरीवर पैलवान मावेनात. हिंदुरावनं पुस्तक पुढं धरलं. "मास्तर, शड्डू ठोकलाय, मग जोड कुठं हाय?"

मास्तरांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी चपला शोधू लागलो. पण शिक्षकाला प्रश्न विचारला, की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. ते म्हणाले, "चंद्रावर कुस्ती अवघड आहे. तिथं तुमचं वजन सहावा हिस्सा भरेल."

हिंदुराव हादरला. "म्हंजी मला कुणीबी उचलंल की."

"उचलेल. पण तुम्ही पडाल सावकाश."

"मग पडता पडता डाव फिरवता यील का?"

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पुस्तकाच्या कोऱ्या पानावर काहीतरी मांडायला लागले. पैलवान भोवती वाकून बसले. मी चपला सोडून परत आत आलो. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, तरी बरं वाटत होतं.

दुसऱ्या आवृत्तीत प्रोफेसरांबरोबर एक पैलवान चंद्रावर गेला. त्या दोघांच्या कुस्तीचं प्रकरण मास्तरांनी गणित करून लिहिलं होतं. तालमीत ते मोठ्यानं वाचलं जायचं आणि पोरं एकमेकांना सावकाश पाडून बघायची.

दुसरी कादंबरी छापायचं ठरलं तेव्हा मास्तर स्वतः माझ्याकडं आले. छत्री कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "पेंटर, या वेळी तुम्ही आधी चित्र काढा. मग मी लिहितो."

एवढा मान मला स्टुडिओत कधी मिळाला नव्हता. मी महिनोन्‌महिने विचार केला. काही सुचलं नाही. शेवटी मास्तरांनी कंटाळून कादंबरी लिहून टाकली. मी ती दोनदा वाचली, त्यांना विचारून विचारून पोशाख, टोप, यंत्रं, सगळं काढलं. कव्हरवर एकही चूक नव्हती. मास्तरांनी पाठ थोपटली.

ती शाळांच्या लायब्रऱ्यांत गेली. तालमीत एकही गेली नाही.