जिनिंगमधले उस्ताद

सन पंच्याऐंशीच्या आसपास सौंसरच्या एका बंद जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, उस्ताद पोट्ट्यांना ठेवून घेत आणि अंगरक्षक बनवत. तयार झालेल्यांना नागपूरचे शेठ कामावर नेत. टपरीवर आमची रोज भेट व्हायची, पण उस्तादांनी कधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. नजर कायम हातांवर. खिशातून रुमाल काढतानाही मला उगाच गुन्हेगार झाल्यासारखं वाटे. बोलणं मात्र मऊ, भरपेट जेवलेल्या माणसासारखं सावकाश.

माझ्या भाच्याला तिथं भरती व्हायचं होतं. बहीण नको नको म्हणत होती. एकुलता एक तो. तरी त्याला घेऊन शिफारशीला गेलो, कारण गावात माझ्या शब्दाला वजन आहे असा माझा समज होता.

उस्ताद कापसाच्या भावाबद्दल बोलत असतानाच आमच्या पाठीमागं सुतळी बॉम्ब फुटला. हीच त्यांची परीक्षा, हे पुढच्याच क्षणी कळलं. मी मागं वळून डोळे उघडले तेव्हा भाचा माझ्या आणि धुराच्या मध्ये हात पसरून उभा होता.

"पास ना, उस्ताद?" त्यानं विचारलं.

"नाही. घरी जा."

"काहून? मी तं पुढं आलो!"

"म्हणूनच. बाकीचे पोट्टे पहिले खाली बसतेत. त्याइले मी उभं राहाले शिकवतो. तुले थांबाले कोन शिकवन? शेठ वाचन, अन् तू पहिल्याच दिवशी जाशीन."

भाचा रडकुंडीला आला. उस्ताद माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाऊ, आता तरी त्याचा शर्ट सोडा."

पाठीमागून मी तो दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता.