रणगाड्यातून हे बाहेर येईनात

लेकीनं स्वित्झर्लंडला बोलावलं, तेव्हा मला वाटलं डोंगर दाखवेल, तळी दाखवेल. तर ही बाई आम्हाला लष्करी संग्रहालयात रणगाडे बघायला घेऊन गेली. म्हणे, बाबांना यंत्रं आवडतात. आवडतात, खोटं कशाला बोलू! वणीकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं काढलेला हा माणूस, यंत्र दिसलं की जेवण विसरतो.

भल्यामोठ्या शेडमध्ये जुने रणगाडे ओळीनं उभे होते. सगळीकडे तेलाचा वास. हा देश म्हणे कुणाच्याच लढाईत पडत नाही.

"मंग हे एवढे कायले ठेवले?" मी विचारलं.

"भेव वाटते म्हणून," लेक म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

एका रणगाड्याला शिडी लावलेली होती. आत बसून बघायची मुभा होती. हे सरळ निघाले.

"अहो, दमा हाये तुमाले!"

"दोन मिनिटं," म्हणाले आणि वरच्या गोल भोकातून आत उतरलेसुद्धा. दम्याचा पंप माझ्या पर्समध्ये.

आधी आतून टकटक ऐकू आली. मला हसूच आलं. खाणीतली जुनी खोड! खाली काम सुरू करायच्या आधी सळईनं छत ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं, भद्द वाजलं तर सुटलेलं. रिटायर झाले तरी हे पाहुण्यांच्या घरचा स्लॅब ठोकून बघतात, लाज म्हणून नाही. मग टकटक थांबली.

"अहो!"

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही.

मला खाणीतल्या अपघाताचा भोंगा आठवला. आमच्या कॉलनीत अवेळी भोंगा वाजला की आम्ही बाया तव्यावरची भाकर तशीच टाकून खाणीच्या तोंडाशी पळायचो. एकेक काळाकुट्ट माणूस वर यायचा, आणि तो आपला नसला की पुढच्याकडे डोळे लावायचे. आणि हे वर आले की काय विचारत? "जेवाले काय केलं?" बस्स! मी भीतीनं अर्धी झालेली आणि याला कशाचं काही नाही. दगड आहे दगड, असं मी सासूसमोर म्हटलंय, पोरीसमोर म्हटलंय.

संग्रहालयाच्या माणसाला हातवारे केले. त्याला वाटलं मला फोटो काढायचाय, तो हसून बाजूला झाला. "अरे मेल्या, आत माणूस मरून राह्यला!" मी ओरडले, पण त्याला काय कळणार? शेवटी साडी खोचली, गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि चढले. त्या भोकात पाय सोडताना देवाचं नावसुद्धा आठवेना.

आत हे एवढ्याशा जागेत अंग चोरून बसले होते. घामानं भिजलेले, दोन्ही हातांनी डोक्यावरची लोखंडी कड घट्ट धरलेली. छातीत शिट्टी वाजत होती. मी पंप तोंडाला लावला. एकदा, पुन्हा एकदा. हळूहळू श्वास जाग्यावर आला.

"काहून बोलले नाही तुमी? जीव गेल्ता माहा!"

"आवाजच निघेना. छत खाली येऊन राह्यलं असं वाटलं."

"खदानीत जल्म गेला, अन् आता भेव लागलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता नाही वं. रोजच लागे. खाली उतरतानी रोज."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तूच एवढी भ्यायची. तुले कसं सांगू?"

वरून लेक "आई, बाबा" म्हणून हाका मारत होती. त्यांचे हात अजून त्या कडेवरून सुटत नव्हते. मी एकेक बोट सोडवायला लागले.