भट्टीचा आलेख

सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात चेतना गजभिये दर वर्षी संचालकांसाठी सुरक्षेचा अहवाल तयार करायची. यंदा भट्टीवर भाजलेल्या कामगारांची संख्या वाढली होती. तिने काढलेल्या आलेखात ती रेषा सरळ वर चढत होती.

ते पाहून तिचे साहेब, देशकर, अस्वस्थ झाले. "उभ्या बाजूचे आकडे हजारापर्यंत ने," ते म्हणाले. "रेषा आपोआप सपाट दिसेल. खोटं काहीच लिहायचं नाही."

"आकडे खरे राहतील सर, पण चित्र खोटं होईल. माणसं भाजून राहिली, अन् मी सपाट रेषा काहून दाखवू?"

"मग अहवालावर माझी सही मिळणार नाही."

"नका करू. मी माझ्या नावानं मांडते."

बैठकीत तिने तोच आलेख सर्वांत आधी, पडदाभर दाखवला. एका संचालकाने कारण विचारलं, तेव्हा तिने कामगारांच्या फाटक्या हातमोज्यांचे फोटो समोर ठेवले.

महिन्याभरात भट्टीवर नवे हातमोजे आणि जाड कोट आले. चेतनाची बदली मात्र गोदामात झाली. तिथल्या अपर्णाने हळूच विचारलं, "दीदी, वाईट वाटून राहिलं का?"

"राग येऊन राहिला," चेतना खुर्ची ओढत म्हणाली. "पण पस्तावा? अजिबात नाही."